कात्रणातला बाप

सिदूचा वस्तरा नेमका गळ्याच्या घाटीवर आला होता, तेव्हाच बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकानं पेपरातलं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. "वडील शिवशरण यांना दारूचे व्यसन जडलेले. घरात अठराविश्वे दारिद्र्य. अशा वेळी या माउलीने पदर खोचला आणि कडक भाकरीच्या जोरावर संसार उभा केला." वाचणारा थांबला. त्यानं फोटोकडं बघितलं, मग खुर्चीकडं. "अण्णा, ही तुमच्याच घरची बातमी की हो!" शिवशरणचं अर्धं तोंड फेसात होतं. मान हलवावी तर गळा चिरायचा, बोलावं तर फेस तोंडात जायचा. माणसाची अब्रू जायचीच असेल तर निदान तोंड पुसलेलं असताना तरी जावी. सिदूनं सावकाश घाटी ओलांडली, हनुवटीखाली दोन हात मारले आणि समजुतीनं म्हणाला, "जाऊ द्या हो अण्णा. सुटली न्हवं? मग झालं तर." हा सिदू! पंचवीस वर्षं दर रविवारी शिवशरणच्या तोंडाशी तोंड आणून उभा राहिलेला माणूस. बायकोच्या खालोखाल माणसाच्या तोंडाचा वास जर कुणाला ठाऊक असेल तर तो दाढी करणाऱ्याला. पंचवीस वर्षांत कधी न आलेल्या वासापेक्षा आज सकाळी छापून आलेली ओळ त्याला खरी वाटली. टॉवेलनं तोंड पुसून होईपर्यंत बाकावरचं बोलणं कांद्याच्या भावावर गेलं होतं. आता मधेच "मी कधी पिलो न्हाय बरं का" म्हणणं म्हणजे पंगत उठल्यावर मीठ वाढायला निघण्यातला प्रकार. शिवशरण उठला आणि बाहेर पडला.

लिंगायताच्या गळ्यात लिंग आणि हातात बाटली! अक्कलकोट रोडच्या कडेनं घरी चालताना एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. चुलत्याच्या लग्नात सोडा दिला तर ज्यानं आधी बाटलीवरचं नाव वाचून घेतलं, तो हा माणूस. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर होता, मागांची निगा राखणारा. चोवीस माग त्याच्या हाताखाली. मागाला कान लावायचा आणि कुठं काय सैल झालंय ते सांगायचं, अशी त्याची ख्याती. पगाराच्या दिवशी सुटी झाली की निम्मी पाळी फाटकासमोरच्या गुत्त्यात शिरायची आणि शिवशरण सायकल हातात धरून सरळ घरची वाट धरायचा. "स्वामी चालले, स्वामी!" असं मागून ओरडायचे. त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. त्याच्याजवळ दुसरं काय होतं? ना शेत, ना शिक्षण. पीत नाही, एवढीच एक मिळकत होती, आणि ती आज कुणीतरी रविवारच्या पुरवणीत रंगीत फोटोसकट फुंकून टाकली होती. कुणी, तेही त्याला कळत होतं. आठ दिवसांपूर्वी वार्ताहर घरी येऊन गेला तेव्हा शिवशरण वळसंगला ज्वारी बघायला गेला होता. घरी दोघंच होते. बायको महादेवी आणि पोरगा अमृत.

घरी पोचला तर सात बायका भाकऱ्या थापत होत्या आणि अमृत भिंतीला खिळा मारत होता. कात्रणाला काच बसवून झाली सुद्धा! पेपर सकाळी सहाला आला, आता दहा वाजलेत, आणि पोरानं चौकट करून आणली. रविवारी कुठलं दुकान उघडून घेतलं देव जाणे. "अप्पा, जरा मागं जाऊन सांगा की, सरळ हाय का?" शिवशरण मागं गेला. सरळ होतं. फोटोत महादेवी तव्यापुढं बसलेली, मागं अमृत हात बांधून उभा, आणि दोघांच्या मधे दारात ती रिकामी जागा, जिथं एरवी तो बसायचा. "हे खोटं हाय," तो म्हणाला. "दुरुस्ती छापायला सांग त्यास्नी." अमृतनं तोंडातला दुसरा खिळा काढला. पोरगा सव्वीस वर्षांचा, उद्योजकतेचं तीन दिवसांचं शिबिर करून आलेला, बोलणं गोड. "अप्पा, दुरुस्ती कोण वाचतंय? आतल्या पानावर, कोपऱ्यात, जाहिरातीखाली यील. आन् बातमी म्हंजे काय हाय, आठ दिवसांत रद्दी. तोवर तिच्यावर काम करून घ्यायचं असतं." मग त्यानं काम सांगितलं. पाकिटावर मागच्या बाजूला बातमीतल्या चार ओळी छापायच्या. जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांना मोबाईलवर कात्रण पाठवायचं. पुण्याच्या प्रदर्शनात गाळा मागायचा आणि अर्जाला हे जोडायचं. यूट्यूबवाल्या एका बाईंशी बोलणं झालंय, त्या येणारच आहेत. "भाकरी काय, सोलापुरात गल्लीगल्लीत हाय, अप्पा. तीच ज्वारी, तोच तवा. लोक भाकरी घेत न्हाईत, भाकरीमागची गोष्ट घेत्यात." "मग खरी गोष्ट सांग की!" शिवशरणचा आवाज इतका चढला की थापणाऱ्या बायकांचे हात थांबले. अमृत खाली बघून म्हणाला, "मी न्हाय सांगितलं ते. अव्वानं सांगितलं."

महादेवी मागच्या पडवीत शेवटच्या तव्याशी होती. पहिल्या भाजणीतनं उतरलेली भाकरी परत मंद आचेवर टाकून, फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत पापडासारखी कडक करायची, हे काम ती अजून कुणाच्या हाती देत नसे. शिवशरण तिच्यासमोर उभा राहिला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि तिला जाब विचारायचा म्हणजे सुरुवात कुठून करतात हे त्याला माहीत नव्हतं. "मी कधी पिलो?" त्यानं विचारलं. "कधीच न्हाय," महादेवी म्हणाली. भाकरी फिरवली. "मग?" "मग काय? त्या पोरानं इचारलं, तुमी एकटीनं येवढं केलं तर मालक काय करत हुते तवा? काय सांगू? सांगा की तुमीच, आता हायसा समोर तर."   एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारी बाई, पण त्या दिवशी बोळा दाबत दाबत बोलतच गेली. "बसून हुते म्हणू? सा वर्सं बसून हुते, आंगोळ करून, कपाळाला इभूत लावून, धुतलेला सदरा घालून? मग तो इचारणार, का बसले? आजारी हुते? न्हाय. हातपाय मोडले हुते? न्हाय. मला ठावं न्हाय ते का बसले, मी त्या पोराला काय सांगू? दारू पीत हुते म्हटलं, त्यानं मान हलवली, लिवून घेतलं. फुडं काय इचारलं न्हाय बघा. समद्यास्नी कळतंय त्ये." बोळा तव्यावर चर्र झाला. "आन् अमृतच्या कपाळाची खूण बघून इचारलं असतं, ही कशानं? तर काय सांगायचं हुतं? बाप दोन हातावर शुद्धीत बसला हुता म्हणून?"

शिवशरण पडवीतून बाहेर आला तो सरळ दारातल्या कट्ट्यावर जाऊन बसला. मग लक्षात आलं की ती सहा वर्षं जिथं काढली तिथंच आपण बसलोय, आणि चटका बसल्यासारखा उठला. कारखान्याला कुलूप लागलं त्या सोमवारी तो इतरांसारखाच फाटकाशी गेला होता. आठ दिवस जात राहिला. बाकीचे पांगले, कुणी दुसऱ्या शेडमधे लागला, कुणी भिवंडी गाठली, कुणी रिक्षा घेतली. शिवशरण नवव्या दिवशी अंघोळ करून कट्ट्यावर बसला आणि उठायचं राहून गेलं. खरंच एवढंच झालं होतं. रस्त्यानं सकाळी सायकली एमआयडीसीकडं जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. मधल्या वेळात काय व्हायचं? काही नाही. दुःख म्हणावं तर दुःखही नव्हतं. मागाचा खडखडाट बंद झाल्यावर कानात जी पोकळी होते ती कानातून उतरून अंगभर पसरली होती, आणि त्या पोकळीत माणसांची बोलणी लांबून यायची. हंडा उचला, दळण आणा, पोराची फी भरायचीय. ऐकू सगळं यायचं. उचलू, आणू, भरू असं मनात यायचंही. मन आणि हात यांच्यामधला पट्टाच कुठंतरी निसटला होता, आणि चोवीस माग कानानं ओळखणाऱ्याला स्वतःतली ही सैल जागा सापडत नव्हती. महादेवी आधी चिडली, मग रडली, मग एक दिवस शेजारच्या खानावळीसाठी भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवसापासून तिनं त्याला काही सांगणं सोडून दिलं. लोक म्हणायचे, शांत माणूस आहे हो, देवमाणूस! आणि ती दुपार. नऊ वर्षांचं पोर तापानं फणफणलेलं. आई भाकऱ्या पोचवायला गेलेली. "अप्पा, पाणी." त्यानं ऐकलं. "अप्पा, पाणी दे की." स्वच्छ, स्पष्ट ऐकलं. उठतो, असं त्यानं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा. पोर शेवटी स्वतः उठलं, रांजणापर्यंत गेलं, आणि तिथंच घेरी येऊन काठावर कपाळ आपटून पडलं. तेव्हाही शिवशरणला उठायला वेळ लागला. किती? ते त्यानं कधी स्वतःला विचारलं नाही. शेजारीण रक्त बघून ओरडली तेव्हा तो उभा होता, एवढं आठवतं. दारू प्यालेल्या बापाला निदान शुद्ध नव्हती असं तरी म्हणता येतं.

आणि सहा वर्षांनी तो उठला, तेही असंच. साधू भेटला नाही, दृष्टान्त झाला नाही. वाऱ्यानं सुपातल्या भाकऱ्या घसरायला लागल्या, त्यानं हात पुढं केला आणि सूप धरलं. मग मोडक्या वेगळ्या काढल्या. मग रोजच काढायला लागला. दहा-दहाची चळत लावणं, मोडकी बाजूला करणं, पाकिटाला सील मारणं. आजतागायत त्याचं काम तेच. याची बातमी कोण छापणार? मथळा काय देणार?

दुरुस्तीचं नाव त्यानं परत काढलं नाही. यूट्यूबवाली रेश्मा आली तेव्हा तर अमृतनं त्याला नवा सदरा आणून दिला. रेश्मा हुशार, चुणचुणीत पोरगी. तिनं कॉलरला माईक अडकवला आणि म्हणाली, "काका, मोकळेपणानं बोला हं. लोकांना तुमच्याकडून प्रेरणा मिळणार आहे. रोज किती घ्यायचात?" शिवशरणनं अमृतकडं बघितलं. अमृत डोळ्यांनीच विनवत होता, पुण्याच्या प्रदर्शनाचं अजून नक्की व्हायचं होतं. महादेवी तव्यावरनं वर बघत नव्हती. "एक तांब्या," शिवशरण म्हणाला. तांब्याशिवाय दुसरं माप त्याला सुचेना. रेश्मानं डोळे मोठे केले. मग तो बोलत गेला. फाटकासमोरच्या गुत्त्याचं वर्णन त्यानं केलं, ते बाहेरनंच होतं पण बारीक होतं. पायऱ्या किती, दिवा कसला, भिंतीवर देव कुठला. जीभ सैल झाली तसं त्याला नवलच वाटलं, इतकं बोलणं आपल्या आत होतं कुठं? "आणि घरच्यांचे हाल बघून वाईट नाही वाटायचं?" रेश्मानं आवाज खाली आणून विचारलं. तेव्हा त्याला रांजण दिसला. पोरानं पाणी मागितलं, तो सांगायला लागला, आणि मी ऐकलं, आणि उठलो नाही. एवढं बोलून तो हमसाहमशी रडला. साठीचा माणूस, सात परक्या बायकांसमोर. रेश्माचे डोळे भरून आले. कॅमेरावाल्यानं भिंग जवळ आणलं. सतरा वर्षांत त्यानं ते पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं, दारूनं काय काय करवलं बिचाऱ्याकडून! अमृतनं पुढं येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेरा चालू होता म्हणून ठेवला की आपसूक ठेवला, हे शिवशरणला कळलं नाही, आणि विचारायची सोयही राहिली नाही. "आणि सोडलीत कधी?" "शिवरात्रीला," तो म्हणाला. "एका दिवसात. मनात आणलं आन् सुटली."

व्हिडिओ गावभर झाला. पुण्याचा गाळा मिळाला, पाठोपाठ ठाण्याचा. पडवीत सातच्या बारा बायका झाल्या. पाकिटावर आता मागच्या बाजूला शिवशरणचाही फोटो आला, डोळे पुसतानाचा. भाकरीचा आणि रडण्याचा संबंध काय, हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं. आणि गंमत बघा, लोक त्याला नमस्कार घालायला लागले. साठ वर्षं सरळ वागला, तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. आता सुधारलेला म्हटल्यावर एका कॉलेजात व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. सिदू दाढीचे पैसे घेईना. सुरुवातीला शिवशरणला हे सगळं अंगावर आल्यासारखं व्हायचं, शिसारी यायची. पण शिसारीही अंगवळणी पडते. कॉलेजात भाषण करताना त्यानं तांब्याचे दोन तांबे केले. बायकोचं डोरलं विकलं, असंही सांगून टाकलं. महादेवीचं डोरलं तिच्या गळ्यात होतं. घरी आल्यावर तिनं फक्त शाल घडी करून ठेवली. आणि एक गोष्ट त्याला हळूहळू जाणवायला लागली होती, ती मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही. पूर्वी पहाटे जाग आली की ती सहा वर्षं छातीवर येऊन बसायची. आता त्यांना नाव मिळालं होतं. पीत होतो, मग पडून होतो, मग सुटली. पहिल्यांदाच त्या काळाला पुढं आणि मागं होतं. शिवशरणला झोप लागत होती. असली झोप विकत घ्यायला लाज वाटायला हवी होती. वाटत नव्हती.

अशात एका दुपारी वळसंगहून बाळाबाई आली. पन्नाशीची, हातात पाकिटावरचा तो फोटो कापून घेतलेला, आणि मागं तिचा पोरगा, बिरुदेव. तिशीचा असेल. अंग सुकलेलं, डोळे पिवळे, बोटं थरथरत होती म्हणून दोन्ही हात काखेत धरलेले. "अण्णा, तुमी देव हायसा," म्हणत बाईनं वाकून शिवशरणचे पाय धरले ते सोडीना. "ह्येला सांगा की कशी सोडायची. दोन डाव दवाखान्यात घातला, माळ घातली, अंगारा दिला. समदं करून थकले. मेंढरं इकून खाल्ली ह्येनं." अमृतनं लगेच मोबाईल धरला. "अप्पा, बोला. मी नुसतं घेऊन ठेवतो." शिवशरणनं समोर बघितलं. असला माणूस त्यानं इतक्या जवळून कधी बघितलाच नव्हता. पोराच्या घामाला एक आंबट वास येत होता, आणि त्या वासानं शिवशरण नकळत अर्धं पाऊल मागं सरला. बिरुदेवनं ते पाऊल बघितलं. "मनात आणलं की सुटते," शिवशरण म्हणाला. "मी एका दिवसात सोडली." झालं! बाळाबाई उसळून पोराकडं वळली. "ऐकलंस? ऐकलंस, मुडद्या? एका दिवसात! मनातच न्हाय तुज्या! आई मरावी हेच मनात हाय!" आणि बारा बायकांच्या देखत तिनं त्याच्या तोंडात मारली, एक, दोन, तीन. पोरगा हललासुद्धा नाही. मार खाऊन झाल्यावर तो हळूच पुढं झाला. आवाजात राग नव्हता, उलट जरा कीवच होती. "काका, म्या तुमचा यिडिव धा येळा बघितलाय," तो म्हणाला. "एका दिवसात सुटत न्हाय. म्या एक दीस सोडली तर फिट आली. जिबेचा तुकडा पडला ह्यो बगा. तुमी कवाच पिला न्हाईसा. व्हय ना?"

पडवीतली थापथाप थांबली. सात महिन्यांपूर्वी, सिदूच्या खुर्चीत, हे वाक्य ऐकायला शिवशरणनं काय दिलं नसतं! कुणीतरी बोला, अरे कुणीतरी म्हणा, हा पीत नव्हता. आज ते आलं होतं, तेही अशा माणसाकडून की ज्याला पक्कं ठाऊक असणार. नुसती मान हलवायची होती. बिरुदेव वाट बघत होता. पिवळ्या डोळ्यांत आशा होती, माणसाला माणूस भेटल्याची. "मग काय करत हुता तुमी, काका?" त्यानं विचारलं. अगदी साधेपणानं. सतरा वर्षांत एवढं सरळ कुणी विचारलं नव्हतं. शिवशरणच्या पायाखालनं ती सगळी पोकळी परत वर यायला लागली, कट्टा, सायकली, स्वच्छ सदरा, शुद्धीत ऐकलेली हाक, आणि त्याचं अंग भीतीनं थंड पडलं. "पीत हुतो मी!" तो ओरडला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "सा वर्सं पीत हुतो! तू कोण रं मला इचारणार? दोन तांबे पीत हुतो रोज! बेवड्या, माझ्या दारात यून मला खोटं पाडतोस?" त्यानं बिरुदेवची गचांडी धरली होती. पोरगा चिंधीसारखा त्याच्या हातात लोंबला. बाळाबाई हात जोडून रडत होती, अमृत "अप्पा, अप्पा" करत होता, पण मोबाईल त्याच्या हातात तसाच उभा होता. "खोटं वाटतं व्हय? हिला इचार!" शिवशरणनं तव्याकडं बोट केलं.  "चौतीस वर्सं संसार केलाय हिनं माज्यासंगं. इचार हिला, पीत हुतो का न्हाय ते! सांग गं, सांग ह्येला!"

महादेवीनं भाकरीवरचा बोळा उचलला. पहिल्यांदा तिनं बिरुदेवकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"व्हय," ती म्हणाली. "लई पीत हुते."